लॉर्ड्सवरची सहावी धाव

१४ जुलै २०१९, विश्वचषकाची फायनल. इंग्लंडला तीन चेंडूंत नऊ हव्यात. न्यूझीलंडच्या गप्टिलचा थ्रो दुसऱ्या धावेसाठी झेपावलेल्या स्टोक्सच्या बॅटला लागून सीमापार गेला आणि पंच कुमार धर्मसेनांनी सहा धावा दिल्या. थ्रो हातातून सुटताना फलंदाजांनी एकमेकांना ओलांडलेलं असेल, तरच ती चालू धाव धरायची, असा नियम आहे. स्टोक्स आणि रशीद यांनी ओलांडलं नव्हतं. द्यायला हव्या होत्या पाच.

पुढे धर्मसेनांनी सांगितलं, की टीव्हीवर पाहिल्यावर चूक कळली, पण त्या निर्णयाचा पश्चात्ताप नाही. लोक भडकले. मला मात्र यात उद्दामपणा दिसत नाही.

मी मुंबईच्या मैदानांवर क्लबच्या सामन्यांना पंच म्हणून उभा राहतो आणि घरी बुद्धवंदना करतो. बुद्धांनी कर्माचं मूळ चेतनेत, म्हणजे हेतूत पाहिलं. पण हेतू स्वच्छ असला की माणूस सुटला, असं त्यांनी म्हटलेलं नाही. अप्रमादही मागितला, सावध राहायला सांगितलं. थ्रो सुटतो सीमारेषेजवळून, फलंदाज पळतात खेळपट्टीवर, आणि पंचाला क्रीजवर बॅट टेकली की नाही तेही बघायचं असतं. एक नजर कुठे कुठे पुरणार? धर्मसेनांनी लेग अंपायरला विचारलं. कोणी बाद झालेलं नसल्याने तिसऱ्या पंचाकडे जायची सोय नव्हती. जेवढी सावधगिरी हाताशी होती, तेवढी घेतली.

आणि पश्चात्ताप? बौद्ध विचारात मनाची पाच नीवरणं, म्हणजे अडसर, सांगितली आहेत. त्यांत उद्धच्च-कुक्कुच्च आहे: मनाची चलबिचल आणि झाल्या गोष्टीची टोचणी. ही टोचणी पंचाचं काय करते, ते मी जवळून पाहिलंय. मघाशी एकाला चुकीचं पायचीत दिलं, म्हणून नंतर त्याच संघाचा सरळसरळ बाद असलेला गडी नाबाद ठरवणारे पंच असतात. त्यांना वाटतं, हिशेब चुकता झाला. खरं तर आधी एकावर अन्याय झाला होता, आता दोघांवर झाला.

धर्मसेनांना संशयाखाली जगणं नवं नव्हतं. १९९६ला लाहोरात विश्वचषक जिंकणाऱ्या संघातले हे ऑफस्पिनर; १९९८मध्ये त्यांच्याच गोलंदाजीच्या शैलीवर आक्षेप आला. ती निर्दोष ठरायला दोन वर्षं गेली. पुढे २०१५च्या फायनलला ते पंच म्हणून उभे राहिले. विश्वचषकाची फायनल खेळलेला आणि तिथेच पंच झालेला तो पहिला माणूस.

न्यूझीलंडचं नुकसान खरं आहे आणि ते भरून येणार नाही. सामना बरोबरीत, सुपर ओव्हरही बरोबरीत, आणि चौकार-षटकारांच्या मोजणीवर चषक गेला. त्या मोजणीचा नियम आयसीसीने त्याच वर्षी बदलला. दुरुस्त करण्याजोगं होतं ते हेच. धर्मसेनांनी चूक चारचौघांत मान्य केली. त्यांच्याकडून आणखी काही मागायचा आपल्याला हक्क नाही.