रखुमाई या नावाचा अर्थ

भाविक हो, वाशीम, रिसोड, कारंजा या आपल्या भागात जुन्या माणसांत एखादी रुख्माबाई हमखास भेटते. भजनात तर हे नाव आपण रोजच घेतो. आज त्याचा अर्थ पाहू.

'रुक्म' म्हणजे सोने. रुक्मिणी म्हणजे सोन्याने शोभणारी. लोकांच्या तोंडी तिची रखुमा झाली आणि भक्तांनी 'आई' जोडून रखुमाई केली. ती विदर्भराज भीष्मकाची कन्या, म्हणून वैदर्भी. माहेर वर्धेकाठचे कौंडिण्यपूर. तेथून आजही पालखी पंढरीस जाते. म्हणजे जगाची आई ही आपल्या विदर्भाची लेक!

आणि लेक तरी कशी? भाऊ रुक्मी याने तिला शिशुपालाला द्यायचे ठरविले. तिने ब्राह्मणाहाती निरोप धाडून श्रीकृष्णास स्वतः वरले, असे भागवताचा दशम स्कंध सांगतो. देवाने मुलीच्या शब्दाला मान दिला.

आणि आपण? मुलीवर मुलगी झाली की तिचं नाव 'नकोशी' ठेवणारे आईबाप आपल्याच महाराष्ट्रात निघाले. सातारा जिल्ह्यात २२ ऑक्टोबर २०११ रोजी अशा २८५ मुलींना समारंभाने नवी नावे दिली गेली. बाबांनो, जिभेवर रखुमाई अन् पाळण्यात नकोशी, हे भजन कोणत्या देवाला पोचायचं?

पोरीचं नाव कोणतंही ठेवा. पण सोनं घरी आलं, असं समजून ठेवा. तेच रखुमाईचे खरे नामस्मरण.

रामकृष्ण हरि.