वाचनाचा हिशेब कुणाला द्यायचा?

वर्ष सरत आलं की वाचणाऱ्या मंडळींत एक प्रश्न हमखास फिरतो : यंदा किती पुस्तकं झाली? कुणी चाळीस सांगतं, कुणी साठ, कुणी संकोचून सात-आठ. आकडा कळला की पुढचं बोलणं खुंटतं. साठवाल्याचं कौतुक होतं, सातवाला कामाच्या व्यापाचं कारण देतो. त्या साठांत किंवा सातांत नेमकं काय होतं आणि त्यातलं काय अंगी लागलं, हे विचारायचं राहून जातं. वर्षभराच्या वाचनाची नोंद प्रत्येकाने ठेवावी, असं मला मनापासून वाटतं. पण ती दुसऱ्या वाचकासमोर उघडली गेली पाहिजे. त्याने दोन प्रश्न विचारले, आपल्याला उत्तर शोधावं लागलं, तर त्या वहीचं चीज होतं. कपाटात राहिली तर तिचा निम्मा उपयोग वाया जातो.

आकड्याचं लक्ष्य ठेवलं की त्याचा परिणाम निवडीवर होतोच. गुडरीड्ससारख्या ॲपवर जानेवारीत ‘यंदा पन्नास’ असं जाहीर केलेला वाचक सप्टेंबरात मागे पडला की शंभर-सव्वाशे पानांची पुस्तकं शोधायला लागतो आणि जाड ग्रंथ पुढच्या वर्षावर ढकलतो. बरं, पानांचा आणि वेळाचा तरी मेळ कुठे बसतो? इतिहासाचार्य राजवाड्यांचा ‘भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास’ हाताला बारीक लागतो. पण एकेका विधानापाशी थांबून, हे पटतं का, नसेल तर का नाही, असं स्वतःशी भांडत वाचायचा तर महिना पुरत नाही. अरुण कोलटकरांची ‘भिजकी वही’ 2003 साली आली. तिच्यात देशोदेशींच्या आणि कितीतरी काळांतल्या स्त्रिया आहेत. हिपेशिया कोण, कण्णगीची कथा काय, हे शोधत शोधत वाचणाऱ्याला ती एकच वही वर्षभर पुरते. यादीत तिची नोंद मात्र एक.

आणि दिवाळी अंकांचं काय करायचं? काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी वाचकाच्या वर्षाची घडी वेगळी बसलेली आहे. दिवाळीपासून होळीपर्यंत कित्येक घरांत पुस्तकाला हातच लागत नाही. वाचनालयात दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी भरलेली असते, एक अंक परत करून दुसरा आणायचा असतो, हवा तो अंक बाहेर गेलेला असला तर ‘आला की माझ्यासाठी बाजूला काढून ठेवा’ असं काउंटरवर सांगून यायचं असतं. या चार महिन्यांत माणूस दीर्घकथा वाचतो, एखाद्या दुष्काळी तालुक्यावरचा तीस पानी रिपोर्ताज वाचतो, नव्या कवींच्या कविता वाचतो. पुढे ज्याची पुस्तकं होतात असं कितीतरी लेखन त्याच्या डोळ्यांखालून आधीच गेलेलं असतं. फक्त पुस्तकं मोजणाऱ्या यादीत यातलं काहीच येत नाही. म्हणून आपल्या नोंदवहीचे रकाने आपणच आखावेत. माझ्या मते त्यात कथा, लेख, एखादी दीर्घ मुलाखत, ऐकलेलं अभिवाचन, सगळं यावं. आणि अर्धवट सोडलेलं पुस्तक तर आलंच पाहिजे.

चार्ल्स डार्विनने 1838 पासून वाचनाच्या वह्या ठेवल्या होत्या. वाचायच्या पुस्तकांची यादी एकीकडे, वाचून झालेल्यांची दुसरीकडे. जे नुसतं चाळलं त्याच्यापुढे तो तसं लिहून ठेवत असे. ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ 1859 साली प्रसिद्ध झालं. त्याआधीच्या वीस वर्षांत हा माणूस कोणत्या वाटांनी हिंडला, कुठे एकाच विषयात खोल उतरला आणि कधी एकदम दुसरीकडे वळला, हे आजचे अभ्यासक या वह्यांवरून शोधतात. तो किती वाचत होता याच्यापेक्षा कशामागून काय वाचत होता, हा क्रमच तिथे बोलका आहे.

आपल्याकडचं उदाहरण येरवड्याचं. मार्च 1922 मध्ये गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा झाली. फेब्रुवारी 1924 मध्ये, ससून रुग्णालयातल्या शस्त्रक्रियेनंतर, त्यांची सुटका झाली. मधल्या काळात त्यांनी तुरुंगातल्या रोजनिशीत कोणतं पुस्तक हाती घेतलं, कोणतं संपवलं, हे टिपून ठेवलं होतं. त्यात महाभारत होतं, तसा गिबनचा रोमन साम्राज्याचा इतिहासही होता. मला महत्त्वाचं वाटतं ते त्यांनी सुटकेनंतर केलं. ‘यंग इंडिया’तल्या तुरुंगातल्या अनुभवांच्या लेखमालेत आपण काय वाचलं आणि त्यातून काय मिळालं, याचा जमाखर्च त्यांनी वाचकांपुढे मांडला. राजकारणाच्या इतक्या धामधुमीत हे वाचकांना सांगण्याजोगं आहे, असं त्यांना वाटलं.

मराठीत हे काम सतीश काळसेकरांइतक्या निष्ठेने फार थोड्यांनी केलं. लघुनियतकालिकांच्या चळवळीतला हा कवी. ‘आपले वाङ्मय वृत्त’मधल्या त्यांच्या सदराचं पुढे ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’ झालं आणि 2013 साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. या पुस्तकात पुस्तकांइतकीच माणसं आहेत : मित्र, कवी, पुस्तकं विकणारे, नियतकालिकं चालवणारे. मी ते वाचलं तेव्हा मला जाणवलं, की पुस्तक कुणाच्या हातून आलं हेही वाचनाचाच भाग असतं. कुणी आग्रहाने हाती ठेवलेलं पुस्तक आणि सवलतीच्या विक्रीत उचललेलं तेच पुस्तक आपण सारख्या मनाने वाचत नाही.

नोंद लांबलचक असायची गरज नाही. माझ्या एका स्नेह्याच्या वहीत दर पुस्तकाला चार-पाच ओळी असतात. पुस्तकाचं नाव, वाचनालयाची प्रत की स्वतःची, कुणी सुचवलं, कुठे अडलो, आणि एक वाक्य जे त्याच दिवशी लिहायचं. हे त्याच दिवशी लिहिणं फार मोलाचं. जूनमध्ये लिहिलेलं मत आणि डिसेंबरमध्ये तोंडी सांगितलेलं मत बहुधा जुळत नाही. जूनमध्ये ज्या कादंबरीने झोप उडवली, तिच्यातलं एकही माणूस सहा महिन्यांनी आठवत नाही. आणि जे चरित्र कंटाळवाणं म्हणून नोंदलं होतं, त्यातला एखादा प्रसंग पुन्हा पुन्हा बोलण्यात येतो. लिहिलेली ओळ नसती तर आपलं मत पहिल्यापासून हेच होतं, असं आपण खुशाल मानून चाललो असतो.

हा फरक आपल्याला एकट्याला सहसा दिसत नाही, तो दुसरा दाखवतो. आम्ही काही जण वर्षाअखेरीस एकत्र बसतो. नियम एकच : वही घेऊन यायचं. सगळ्यांनी एकच पुस्तक वाचून यायचं, ही पद्धत आम्ही मुद्दाम ठेवलेली नाही. सगळ्यांनी तेच वाचलं की गप्पा लवकर कथानकात अडकतात. वेगवेगळं वाचलेली माणसं बसली, की प्रत्येकाला आपलं पुस्तक न वाचलेल्या माणसापुढे उभं करावं लागतं. तिथे ‘छान आहे’ चालत नाही. का छान, कुणासाठी छान, कशाच्या तुलनेत, हे सांगावंच लागतं.

अशाच एका बैठकीत उद्धव शेळक्यांची ‘धग’ निघाली. 1960 सालची ही कादंबरी आमच्यातल्या ठाण्याच्या एका बाईंनी अर्ध्यावर सोडली होती आणि वहीत तसं प्रामाणिकपणे लिहिलं होतं : बोली झेपत नाही. अमरावतीकडचे एक गृहस्थ बैठकीला होते. त्यांनी वाद घातला नाही. पुस्तक मागून घेतलं आणि नायिका कौतिकच्या तोंडचे संवाद मोठ्याने वाचायला सुरुवात केली. कागदावर अडणारी वऱ्हाडी कानावर पडताच सरळ झाली. कुठे हेल काढायचा, कुठला शब्द चिडून म्हटलेला आहे आणि कुठला थकून, हे आवाजातून कळलं. दोन-तीन पानं झाल्यावर बाई म्हणाल्या, “दादा, इथून पुढचं मी वाचते.” त्यांनी तिथेच थोडं वाचून पाहिलं, अडखळत, पण वाचलं. पुढे कादंबरी पूर्ण केली, आणि मग मराठवाडी बोलीतली पुस्तकं आपणहून शोधू लागल्या. ती ‘अर्धवट’ नोंद वहीत नसती, किंवा बाईंनी लाजून लपवली असती, तर यातलं काहीच घडलं नसतं.

याद्या शेजारी शेजारी ठेवल्या की आणखी एक गोष्ट उघडी पडते : आपण काय वाचत नाही. एकाच्या वर्षभराच्या यादीत एकही लेखिका नसते. एखादीच्या यादीत सगळी आत्मचरित्रं. कुणी इंग्रजीतून जपानी आणि लॅटिन अमेरिकी कादंबऱ्या वाचतो, पण शेजारच्या कन्नड किंवा गुजरातीतलं एकही नाव त्याला सांगता येत नाही. दलित आत्मकथनं कॉलेजात नेमली होती म्हणून वाचलेली असतात. 1978 च्या ‘बलुतं’नंतर याच वाटेवर पुढे काय काय लिहिलं गेलं, याचा पत्ता नसतो. असं कुणी दाखवून दिलं की पहिल्यांदा राग येतो. मग माणूस विचार करतो. वाचकाची आवड त्याच्या घरातून, शाळेतून, शहरातून, जातीतून घडत आलेली असते आणि त्याला मात्र ती स्वतःचीच, स्वतंत्र निवड वाटते. ही समजूत मोडायला दुसऱ्याची यादी लागते. एका वाचकाने दुसऱ्या वाचकासाठी करावं असं याहून मोठं काम मला दिसत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हलका नाही. वाचन ही एकांतातली गोष्ट आहे. ती चारचौघांत मांडायची ठरली की माणूस सांगण्यासाठी वाचायला लागतो. भारदस्त नावं यादीत येतात आणि खरोखर आवडलेली रहस्यकथा गुपचूप गळते. हे होतं, मी पाहिलं आहे. घरात मृत्यू झाल्यावर रात्री जागून वाचलेलं पुस्तक, आजारपणात पुन्हा काढलेलं लहानपणचं पुस्तक, हे कुणाला सांगायचं नसेल तर सांगू नये. वहीची ती पानं आपली. पण दिखाव्याची भीती मोठ्या गर्दीत जास्त असते. चार-सहा माणसं वर्षानुवर्षं भेटत राहिली की कोण कशावर खरं बोलतंय, हे लपत नाही. रहस्यकथा आवडणाऱ्याला तिथे ती का आवडते हे सांगावं लागतं, आणि ते सांगताना बाबूराव अर्नाळकरांपासून नारायण धारपांपर्यंतचा एक मोठा वाचकवर्ग चर्चेत येतो. गंभीर समीक्षेने त्याच्याकडे फारसं पाहिलेलं नाही.

आपल्याकडे पुस्तकांवरचे कार्यक्रम पुष्कळ होतात. प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, तासभराचं भाषण, आभार. श्रोत्यांतल्या ज्याला ते पुस्तक पटलेलं नाही त्याला बोलायला जागा नसते. 15 ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला शाळाशाळांतून मुलं पुस्तक हातात धरून बसतात, फोटो निघतात. त्या मुलाला पुस्तकातलं काय खटकलं, हे त्याला कुणी विचारावं, अशी माझी फार इच्छा आहे. वाचनालयांचंही तसंच. सार्वजनिक ग्रंथालयांसाठी महाराष्ट्रात 1967 पासून कायदा आहे, अनुदान आहे, अ-ब-क-ड वर्ग आहेत. अहवालांत ग्रंथसंख्या येते, सभासदसंख्या येते, देवघेवीचे आकडे येतात. पूर्वी पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांचे शिक्के मारलेला कागद चिकटवलेला असायचा. एखादं पुस्तक दहा-दहा वर्षं कुणी नेलेलं नाही आणि मग एका पावसाळ्यात लागोपाठ तिघांनी नेलं, एवढं त्यावरून कळायचं. ते तिघे एकमेकांना कधी भेटले नाहीत. संगणक आल्यापासून तो कागदही गेला.

रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 चं, पुणे नगर वाचन मंदिर 1848 चं. अशा जुन्या संस्थांपासून कालपरवा ड वर्गात आलेल्या गावच्या वाचनालयापर्यंत सगळ्यांकडे एक खोली आहे, चार खुर्च्या आहेत आणि सभासद आहेत. वर्षातून एक संध्याकाळ सभासदांना आपापली नोंदवही घेऊन बोलवायला वेगळा निधी लागत नाही. सत्कार नको, अध्यक्ष नको. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमातल्या पुस्तकांच्या पेट्या 2009 पासून नाशिकहून निघून परदेशातल्या मराठी मंडळींपर्यंत पोचल्या आहेत. अशा प्रत्येक पेटीत पुस्तकांबरोबर एक कोरी वही ठेवता येईल. दुबईतल्या वाचकाने लिहिलेलं नगरच्या वाचकाला वाचायला मिळेल, आणि तो खाली आपलं लिहील.

वाचनालय पुढाकार घेईपर्यंत थांबायचंही कारण नाही. दोन माणसं पुरतात. येत्या गुढीपाडव्याला वही घाला. सोडून दिलेली पुस्तकं लिहा, दिवाळी अंकांतल्या कथा लिहा, कुणी दिलं ते लिहा. वर्ष संपलं की ती वही अशा कुणाकडे न्या, ज्याचं वाचन तुमच्यासारखं नाही, आणि परत येताना त्याच्या यादीतलं एक पुस्तक मागून आणा.