मुंगीच्या तोंडचा घास

गेल्या पेसाहच्या आधी खमिराचा शेवटचा कण शोधीत आम्ही गुडघ्यांवर बसलो होतो, तेव्हा ध्यानात आले की आमच्याआधीच कोणीतरी तो शोधून काढला आहे. गरम पाण्याच्या नळीलगत, भिंतीच्या भेगेतून, पिवळसर मुंग्यांची एक बारीकशी रांग चालली होती. मुंग्यांना घाबरण्याचे आमचे वय नव्हे. अलिबागच्या घरी कपाटाच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या असत आणि साखरेचा डबा परातीत पाणी घालून ठेवलेला असे. तरी चहात एखादी तरंगायचीच. ती चमच्याने काढायची आणि चहा प्यायचा. तेव्हा फारसा विचार न करता आम्ही दुकानातून फवाऱ्याचा डबा आणला, रांगेवर मारला, फडक्याने पुसून घेतले आणि सणाच्या तयारीस लागलो.

इथेच चुकले. पंधरा दिवसांत मुंग्या न्हाणीघरात निघाल्या, विजेच्या बटणामागून निघाल्या, आणि खालच्या मजल्यावरच्या डच आजींच्या घरीही निघाल्या. आजींच्या पायाला न भरणारी जखम आहे. पट्टी बदलायला येणाऱ्या परिचारिकेला एके सकाळी गॉजच्या घडीत तीन मुंग्या सापडल्या. सारा जन्म जखमा धुण्यात घालवलेल्या आम्हांस ते ऐकून काय वाटले असेल, याची वाचकांनीच कल्पना करावी.

निदान झाल्याशिवाय औषध नाही, हे आम्ही शिकाऊ मुलींना वर्षानुवर्षे बजावीत आलो आणि मुंगीच्या बाबतीत तेच विसरलो. हॉलंडमध्ये घरात येणारी नेहमीची मुंगी काळी. तिला इकडे वेखमीर म्हणतात. लांबी तीन ते पाच मिलिमीटर, रंग काळपट तपकिरी, घर बाहेरच्या फरशीखालच्या वाळूत. एका वारुळात एकच राणी. उन्हाळ्यात, बहुधा जुलै-ऑगस्टमध्ये, एखाद्या उबदार दुपारी पंखवाल्या मुंग्या थव्यांनी उडतात आणि सारी गल्ली दारे-खिडक्या लावून घेते. या जातीची एक राणी सांभाळून ठेवली असता 28 वर्षांहून अधिक जगल्याची नोंद आहे. आमच्या कितीतरी सोबतिणींची नोकरी तेवढी झाली नाही. ही मुंगी गोडासाठी आत येते. भेग बुजवावी, मधाची बरणी पुसून ठेवावी, पुरे झाले. तिला मारण्याचे काही कारण आम्हांस दिसत नाही.

पिवळी मात्र वेगळी. जेमतेम दोन मिलिमीटर, पोटाचे टोक काळसर, आणि नाव काय, तर फारो मुंगी! मिसरातून सुटल्याचा सण आमच्या घरी, आणि फारो सिंकखाली. हे नाव कार्ल लिनियसने 1758 साली दिले. मिसरावरच्या पीडा त्याच्या मनात असाव्यात असे म्हणतात. पण दहा पीडांत मुंगी नाही, हे आपल्या लोकांना सांगायला नको. हा लिनियस 1735 साली हॉलंडमध्ये येऊन हार्डरवाइकला डॉक्टर झाला आणि त्याच वर्षी लायडनला त्याचा वर्गीकरणाचा ग्रंथ छापून निघाला. असो. फारो मुंगी उष्ण देशांतली. इथल्या हिवाळ्यात ती उघड्यावर जगत नाही, म्हणून जिथे बारमाही ऊब तिथे तिचे बिऱ्हाड: रुग्णालये, बेकऱ्या, आमच्यासारख्या गाळ्यांच्या इमारती. हिच्या घरट्यात राण्या अनेक. घरट्याला धक्का पोहोचला की काही राण्या, काही कामकरी अंडी-अळ्या उचलून निघतात आणि दुसऱ्या भिंतीत नवा संसार थाटतात. आम्ही फवारा मारून एका बिऱ्हाडाची चार केली होती. आणि ही मुंगी ओल्या जखमेवर, मलमपट्टीवर, मोरीत, सगळीकडे फिरते. रुग्णालयांतल्या या मुंग्या रोगजंतू वाहून नेतात, हे सुझन बीटसन यांनी 1972 साली लॅन्सेटमध्ये लिहिले होते.

तेव्हा हिला मारणे भाग होते. प्रश्न पडला तो कसे मारावे याचा.

इमारतीत आलेल्या माणसाने फवारा बंद करायला सांगितला आणि प्रत्येक घरात छोट्या डब्या ठेवल्या. इकडे त्यांना लोकडोस म्हणतात, म्हणजे आमिषाची डबी. मुंगीच्या पोटात दोन कप्पे असतात: एक तिचा स्वतःचा, दुसरा घरच्यांचा. बाहेर मिळालेला रस ती दुसऱ्या कप्प्यात भरून नेते आणि वाटेत, घरी, जी भुकेली भेटेल तिला तोंडातून तोंडात देते. डबीतले विष मुद्दाम सावकाश काम करणारे असते. चटकन मारणारे असते तर ती वाटेतच पडली असती आणि राण्या सुखरूप राहिल्या असत्या. म्हणजे जी मुंगी एकटीच खाईल तिच्यापासून घरट्याला धोका नाही. जी वाटून खाते, तिच्याच हातून घर बुडते.

हे समजले आणि आमचा हात डबीवर थांबला. रोग्याला फसवून औषध आम्ही पुष्कळदा दिले आहे, कडू गोळी केळ्यात दडवून. ते त्याच्या भल्यासाठी होते. इथे तर दुसऱ्याच्या दानतीचेच हत्यार करायचे होते.

तालमूदच्या हुल्लीन भागात रब्बी शिमोन बेन हलाफ्ता यांची गोष्ट आहे. मुंग्यांना राजा नसतो, हे शलोमो राजाचे म्हणणे त्यांना पडताळून पाहायचे होते. ऐन उन्हाळ्यात त्यांनी वारुळावर आपला झगा पसरून सावली केली. एक मुंगी बाहेर आली, तिला त्यांनी खूण केली. तिने आत जाऊन सावलीची वार्ता दिली. बाकीच्या बाहेर आल्या. रब्बींनी झगा उचलला. ऊन पडले, आणि सगळ्यांनी मिळून तिला मारून टाकले. कोणाचा हुकूम न घेता मारले, त्या अर्थी राजा नाही, असा त्यांनी निष्कर्ष काढला. पुढे इतर रब्बींनी त्यावर शंका काढल्या: राजा तिथेच हजर असेल, किंवा त्याची परवानगी आधीच असेल. त्या मुंगीविषयी मात्र तिथे कोणी काही बोलत नाही. ती तर खरेच बोलली होती. तिला खोटे पाडले ते माणसाने.

आमचा मुलगा म्हणतो, "आई, मुंगीला कसली दानत? ती उपजत सवय." असेल. तान्हे मूल आपले बोट घट्ट धरते तेही उपजतच. म्हणून त्या पकडीचा आम्ही कधी खेळ केला नाही. तो असेही म्हणतो की शेवटी ती कीडच. या शब्दाला आम्ही बिचकतो. याच देशात माणसांना आधी कीड म्हटले गेले आणि मग आगगाडीत भरले गेले. ॲमस्टरडॅमला 2021 साली उघडलेल्या स्मारकाच्या विटांवर एक लाखाहून अधिक नावे आहेत. मुंगीची माणसाशी बरोबरी आम्ही मुळीच करीत नाही. पण जिला मारायचे तिला आधी क्षुद्र ठरवून मन हलके करायचे, ही सवय आम्हांस नको.

तरी डब्या आम्ही ठेवल्या. फवारा सरळ वाटला होता, समोरासमोरचा. पण त्या सरळपणाचे समाधान आम्हांला आणि त्याची किंमत आजींच्या पायाला. एकही घर सुटले तर सारे व्यर्थ, म्हणून आम्ही स्वतः दारोदार जाऊन दहा बिऱ्हाडांना समजावले. दोघांनी आधी दार लावून घेतले. शेवटी केक घेऊन गेलो, तेव्हा ऐकले. आजींना आमच्या फवाऱ्याचेही सांगितले. त्या म्हणाल्या, "मला वाटलेच होते," आणि चहा ओतला.

डबीजवळची वाट पुसायची नाही, साबण लावायचा नाही, अशी ताकीद होती. आयुष्यभर पुसत आलेल्या बाईला हे कठीण. साबाथच्या संध्याकाळी दिवे लावून बसले की ती रांग डोळ्यांसमोर असे. एकदा भिंग लावून पाहिले. डबीतून निघालेली एक मुंगी अर्ध्या वाटेवर थांबली, समोरून येणारीच्या तोंडाला तोंड लावले, आणि दोघी आपापल्या वाटेने गेल्या. आम्ही भिंग खाली ठेवले.

दहाव्या आठवड्यानंतर एकही दिसली नाही. आजींची पट्टी आता स्वच्छ निघते. डबी अजून नळीमागेच आहे. ती काढायला आणखी महिना आहे म्हणतात.