खोडाच्या आतली तारीख

जुन्या लाकडी स्नेअर ड्रमवर तारीख क्वचितच सापडते. ती लिहून ठेवण्याची गरजच कुणाला वाटली नव्हती. कारागिराला आजचा वार ठाऊक होता आणि वादकाला संध्याकाळच्या कार्यक्रमाची घाई होती. वस्तूचं वय हा प्रश्न ती म्हातारी झाल्यावर पडतो. तोवर उत्तर देणारी माणसं गेलेली असतात. मागे उरतं ते लाकूड.

लाकडाला विचारण्याचीही एक रीत आहे. बाहेर ठोकलेला कंपनीचा बिल्ला शेवटी वाचावा. आधी पुडी उतरवावी आणि दिवा धरून खोडाच्या, म्हणजे ड्रमच्या लाकडी नळकांड्याच्या, आत पाहावं. बाहेरची बाजू गिऱ्हाइकासाठी सजवलेली असते, आतली कामापुरती केलेली असते. बाहेर दावा असतो, आत साक्ष असते.

आत सांधा दिसतो. मेपलची एकच फळी वाफेवर मऊ करून वाकवलेली, दोन्ही टोकं तिरकी तासून एकावर एक डकवलेली, वर-खाली आधाराच्या लाकडी कड्या. शिकागोच्या स्लिंगरलँड कंपनीचा ‘रेडिओ किंग’ या घडणीसाठी ओळखला जातो. १९३०च्या दशकाच्या मध्यावर तो आला आणि ड्रमवादक जीन क्रुपाच्या हातात नावारूपाला आला. दुसऱ्या खोडात फळी नसते, पातळ थर असतात. काठावरून बोट फिरवत ते मोजावे. थरांची संख्या ही कारखान्याची सवय असते आणि सवयीला सुरुवात असते, शेवटही असतो.

आत रंगही दिसतो. ग्रेच कंपनीने आतून रुपेरी लेप दिला. लुडविगने १९५०च्या दशकात पांढरा दिला, १९६०च्या दशकात ठिपक्यांचा राखाडी, आणि ते दशक सरता सरता मेपलचा नैसर्गिक रंग तसाच राहू दिला. हा रंग कुणी पाहावा म्हणून लावलेला नव्हता. जे दाखवण्यासाठी केलेलं नाही त्यात लबाडी करण्याचं कारणही नसतं.

बिल्ल्यावरचं नाव मालक सांगतं, हात सांगत नाही. विल्यम आणि थिओबाल्ड या लुडविग बंधूंनी १९०९ साली शिकागोत कंपनी काढली. १९२९ साली ती कॉन कंपनीकडे गेली आणि काम इंडियानातल्या एल्कहार्ट गावी हललं. विल्यम एफ. लुडविगने १९३७ साली शिकागोत पुन्हा कारखाना उभा केला, तेव्हा स्वतःचं आडनाव त्याला वापरता येईना. त्याने आद्याक्षरांवर भागवलं : डब्ल्यूएफएल. ‘लुडविग’ हे नाव १९५५ साली त्याला परत विकत घ्यावं लागलं. मधली अठरा वर्षं शिकागोतल्या लुडविगच्या ड्रमवर आद्याक्षरं होती आणि ‘लुडविग’ हे नाव दुसऱ्याच गावच्या ड्रमवर होतं.

हे ठाऊक असणाऱ्याला बिल्ला बरंच सांगतो. ठाऊक नसणाऱ्याची तो दिशाभूल करतो. पुरावा एकच असतो, फरक वाचणाऱ्यात असतो.

आकडा दिसला की माणूस विचार थांबवतो. लुडविगच्या बिल्ल्यांवर १९६३च्या अखेरीपासून अनुक्रमांक आले आणि पुष्कळांना वाटलं, आता प्रश्न मिटला. पण क्रमांकाचे बिल्ले कामगाराच्या हाताशी डब्यात पडलेले असायचे. जो हाती लागला तो ठोकला. लहान आकडा नंतर लागला, मोठा आधी लागला. त्यापेक्षा खोडाच्या आत कधी कधी पुसटसा दिसणारा लाल शाईचा तारखेचा शिक्का अधिक भरवशाचा. आकड्यातली अचूकता आणि आकड्यातलं सत्य नेहमी एकत्र राहत नाहीत.

जे नाही तेही बोलतं. १९४२ साली, युद्धाच्या दिवसांत, अमेरिकी सरकारने वाद्यांतल्या धातूवर मर्यादा घातली : वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक धातू वापरायचा नाही. मग पुडी ताणणाऱ्या खिट्ट्या जिथे बसतात ते लगही लाकडाचे झाले. स्लिंगरलँडचा ‘रोलिंग बॉम्बर’ आणि डब्ल्यूएफएलचा ‘व्हिक्टोरियस’ हे त्या टंचाईचे ड्रम. भरभराटीतल्या वस्तू एकमेकींत मिसळून जातात. टंचाईतली वस्तू आपलं साल अंगावर घेऊन जगते.

ड्रम त्याच्या सर्वांत तरुण मूळ भागापेक्षा जुना असू शकत नाही. कागदी लेबलावरच्या पत्त्यात झिप कोड असेल, तर ते लेबल १९६३च्या आधीचं नव्हे. खालच्या पुडीवरच्या तारा सोडण्या-आवळण्याच्या यंत्रणेवर पेटंटचं साल कोरलेलं असेल, तर ते फक्त आधीची हद्द दाखवतं, कारण तोच ठसा पुढे कित्येक वर्षं उमटत राहतो. नियम सोपा आहे. अवघड आहे तो त्यातला ‘मूळ’ हा शब्द.

मूळ काय आणि मागाहून आलेलं काय, हे भोकं सांगतात. एखादं भोक आज कोणत्याच स्क्रूच्या कामाचं नसेल, तर तिथे कधी काळी दुसरं काही बसलेलं होतं. लगच्या शेजारी जुन्या लगची फिकट सावली दिसली, तर लग बदललेला आहे. खोडावर बाहेरून चढवलेलं पांढरं मोतिया सेल्युलॉइड वर्षांनुवर्षांच्या उजेडाने पिवळं पडतं. बिल्ल्याखाली ते तसंच पांढरं राहतं. झाकलेली जागा आणि उघडी जागा यांतला फरक म्हणजे लोटलेला काळ.

कॅटलॉग आधाराला घ्यावा, निवाड्याला नाही. कंपनीला काय विकायचं होतं ते त्यात असतं. त्या दिवशी कारखान्याच्या दारातून काय बाहेर पडलं ते त्यात नसतं. जुना माल संपेपर्यंत नव्या खोडावर जुना लग लागत राहिला. काटकसर करणाऱ्याला पुढच्या अभ्यासकाची काळजी नसते, आणि ती असावी अशी अपेक्षाही धरू नये.

इच्छाही तारीख लिहिते. प्रसिद्ध ड्रमवादक रिंगो स्टारने १९६३ साली लंडनच्या ड्रम सिटी या दुकानातून लुडविगचा संच घेतला. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी अमेरिकेने त्याला लुडविगचे ड्रम वाजवताना दूरचित्रवाणीवर पाहिलं आणि लुडविगची मागणी उसळली. तेव्हापासून त्या सुमाराचा प्रत्येक लाकडी स्नेअर रिंगोच्या संचाच्या वर्षाकडे सरकू पाहतो. विकणाऱ्याला ते साल हवं असतं, घेणाऱ्यालाही हवं असतं. दोघांनाही हवं असलेलं उत्तर तपासायला मग कुणी उरत नाही. म्हणून मन ज्या सालाकडे ओढ घेतं, त्या सालाविरुद्धचा पुरावा आधी शोधावा.

सर्वांत अधिक हानी प्रेमाने होते. १९५७च्या सुमारास प्लास्टिकच्या पुड्या बाजारात आल्या. त्याआधीची खोडं वासराच्या कातड्यासाठी घडवलेली. नवी पुडी काहींवर घट्ट बसते, काहींवर बसतच नाही. मग कुणीतरी काठ तासतं. कुणी आतला डागाळलेला रंग खरवडून लाकूड चकचकीत करतं, गंजलेले स्क्रू फेकून नवे लावतं. ड्रम वाजू लागतो, सुंदर दिसतो. त्याचं वय सांगणाऱ्या गोष्टी मात्र भुशात आणि कचऱ्यात गेलेल्या असतात.

ड्रम वाजायलाच हवा. न वाजणारा ड्रम जपण्यात अर्थ थोडा. पण वाजवण्यासाठी जेवढं करावं लागतं आणि नवं दिसण्यासाठी जेवढं केलं जातं, त्यांत अंतर असतं. सगळा विवेक त्या अंतरात आहे.

‘१९३७ ते १९४१च्या दरम्यान’ हे अर्धवट उत्तर नाही. पुरावा जिथवर नेतो तिथवर जाऊन थांबलेलं ते पूर्ण उत्तर आहे. एकच साल छातीठोकपणे सांगणारा अधिक जाणतो असं नाही. बहुधा त्याने कमी तपासलेलं असतं. दोन सालांमधली जागा मोकळी ठेवायला अधिक ज्ञान लागतं आणि अधिक धीरही.

आपला अंदाज कागदावर लिहावा, खोडावर लिहू नये. कारणं लिहावीत : सांधा कसा, थर किती, रंग कोणता, भोकं कुठे. निष्कर्ष चुकला तरी नोंद कामाला येते. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून ड्रमसोबत ठेवावा, कारण आज ज्यात काही दिसत नाही त्यात उद्याच्या माणसाला साल दिसेल. आपल्याकडे आली तेव्हा वस्तू जेवढं सांगत होती, त्याहून कमी सांगणारी होऊन ती पुढे गेली, तर आपण ती फक्त वापरली, सांभाळली नाही.