चारित्र्याचा दाखला

धर्मग्रामाच्या कार्यालयात लोक बाप्तिस्म्याचा दाखला मागतात, लग्नाचा मागतात आणि अधूनमधून चारित्र्याचाही मागतात. पहिले दोन नोंदवही पाहून देता येतात. तिसऱ्याची नोंदवही कोठे असते, हे आम्हांला सेमिनरीत कोणी शिकविले नाही.

मध्यंतरी एक तरुण आमच्यापुढे येऊन उभा राहिला. मारामारीच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून तो अलिबागच्या हिराकोटातून सुटला होता. कान्होजी आंग्र्यांनी १७२० साली बांधलेला हा कोट पुढे तुरुंग झाला. किनाऱ्यावर मुंबईकरांचे बंगले आहेत. तेथे रखवालदाराची जागा होती. "फादर, दोन ओळी लिहून द्या," तो म्हणाला. तो गेल्यावर जवळच बसलेले एक वृद्ध गृहस्थ उद्गारले, "त्याचा बापही असाच तापट होता. स्वभावाला औषध नाही!"

हीच म्हण विद्वानांनी शास्त्राच्या भाषेत मांडून पाहिली आहे. इटलीतील वैद्य लोंब्रोझो याने १८७६ साली जन्मजात गुन्हेगाराचा सिद्धान्त मांडला आणि त्याची खूण कवटीच्या व जबड्याच्या ठेवणीत शोधली. आमच्या राज्यकर्त्यांना तर तेवढीही मोजमापे लागली नाहीत. १८७१ च्या कायद्याने त्यांनी अख्ख्या जमातीच गुन्हेगार ठरविल्या. पारध्याचे मूल पाळण्यात असतानाच त्याचा दाखला लिहून तयार! तो कायदा १९५२ साली रद्द झाला. लोकांच्या मनातून तो रद्द झाला, असे कोणी म्हणेल काय?

आधुनिक मानसशास्त्र अधिक सावध आहे. हान्स आयझेंक याने १९६४ साली असे प्रतिपादन केले की, सदसद्विवेक ही बालपणी शिक्षेच्या धाकाने जडलेली सवय असते आणि बहिर्मुख, उतावळ्या प्रकृतीच्या माणसांत ती उशिरा जडते. उतावळेपणा व आत्मसंयमाचा अभाव यांचा गुन्ह्याशी संबंध आढळतो, हे पुढील अभ्यासकांनीही दाखविले आहे. ते नाकारण्याचे आम्हांला कारण नाही. पण हा हिशेब समूहाचा आहे. समोर चप्पल काढून उभ्या असलेल्या एका माणसाविषयी तो निकाल देत नाही.

येथे ख्रिस्तसभेची शिकवण आठवते. त्रेंतच्या धर्मपरिषदेने १५४६ साली स्पष्ट केले की, बाप्तिस्म्यानंतरही माणसात वासना उरते. ती पापाकडे ओढते, परंतु ती स्वतः पाप नव्हे. ओढ आणि संमती यांत अंतर आहे, आणि माणसाचे माणूसपण त्या अंतरातच वसते. आजाराने ते अंतरच पुसून टाकले, तर गोष्ट निराळी. मुंबईत अनेकांचे खून करणाऱ्या रामन राघवला मनोविकार असल्याचे निष्पन्न झाले, तेव्हा १९८७ साली न्यायालयाने त्याची फाशी जन्मठेपेवर आणली. तापट स्वभाव म्हणजे असा आजार नव्हे. म्हणूनच तापट माणूस जबाबदार ठरतो, आणि म्हणूनच तो बदलूही शकतो. या दोन गोष्टी एकाच मुळाच्या आहेत.

औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसविले. कल्पना मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याची. तेथे भिंती नव्हत्या. गंभीर गुन्ह्यांचे कैदी शेती करीत, बायकामुलांसह राहत. शांतारामबापूंच्या 'दो आँखें बारह हाथ'मुळे ही गोष्ट घराघरांत पोहोचली. त्या कैद्यांचे स्वभाव आधी तपासून मग विश्वास टाकला असता, तर तो टाकण्याचा दिवस बहुधा उजाडलाच नसता.

मात्र पंतप्रतिनिधींनी धोका पत्करला तो स्वतःच्या संस्थानात. आमच्या दाखल्याने धोका पत्करणार होता तो परक्याचा बंगला. दुसऱ्याच्या जिवावर दयाळू होणे सोपे असते, आणि सही करताना आमचा हात अडला तो याच विचाराने. त्या मारामारीत ज्याचे डोके फुटले, तोही आमच्याच धर्मग्रामातील आहे. त्याला आम्ही काय सांगणार होतो?

अखेर 'चारित्र्य उत्तम' हे छापील शब्द आम्ही खोडले. लिहिले ते असे : याने मारामारी केली, शिक्षा पूर्ण भोगली, सुटल्यापासून दर रविवारी मिस्सेनंतर मंदिरातील बाके सरळ लावतो, काही अडचण आल्यास आम्हांला कळवावे. तरुणाने कागद दोनदा वाचला. पहिली ओळ त्याला आवडली नाही, हे दिसत होते. तरी घडी घालून त्याने तो खिशात ठेवला. मालकाचे उत्तर अजून आलेले नाही.