अदृश्य जिवांचा वाटा

युरोपीय संघाने २०१६ साली ईशान्य अटलांटिकातील आपल्या हद्दीत ८०० मीटरांहून खोल तळावर जाळी ओढण्याची मनाई केली. जे जीव कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत, त्यांच्यासाठी कोळ्याच्या पोटावर पाय का द्यावा, असे कोणी बंधू विचारील. प्रश्न खरा आहे. परंतु त्या अंधारात पोवळ्यांची बेटे हजारो वर्षे हळूहळू वाढली आहेत. वजनदार जाळे एकदा फिरले की ती मोडतात, आणि ओढणाऱ्याच्या पणतवंडांच्या हयातीतही पुनः उभी राहत नाहीत. उत्पत्तीचा पहिला अध्याय उघडून पाहा. जलचरांस देवाचा आशीर्वाद पाचव्या दिवशी मिळाला, मनुष्यास सत्ता सहाव्या दिवशी. मागून आलेल्या सत्तेने आधीचा आशीर्वाद रद्द होतो, असे आम्हांस तेथे आढळत नाही. मात्र मनाईचा सारा भार एकट्या कोळ्याने वाहावा, आणि मासे खाणाऱ्या शहराने काहीच सोसू नये, हेही आम्हांस न्यायाचे वाटत नाही.