शास्त्रात कोठे आहे?

‘शास्त्रात सांगितले आहे,’ एवढे म्हटले की आमच्या घरातला वाद संपत असे. कोणते शास्त्र, कोणता अध्याय, हे विचारण्याची सोय नव्हती. शिंद्यांच्या मागोमाग दक्षिणेतून ग्वाल्हेरीस आलेल्या कित्येक घरांत पोथी मागे पडली, पण सोवळे मागे पडले नाही. परमुलखात रीत हीच माणसाची ओळख होऊन बसते. म्हणूनच पंडिता रमाबाईंचा पत्रव्यवहार वाचताना, विषय ख्रिस्ती धर्माचा असूनही, तो मला परका वाटला नाही.

१८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. आता ही विदुषी चर्च सांगेल ते मानील, अशी तेथील धर्मभगिनींची अपेक्षा होती. ती फोल ठरली. लॅटिन अक्षरांचा क्रूस घालण्यास त्यांनी हरकत घेतली : लॅटिन संस्कृताहून पवित्र कशावरून? अंडे घातलेले पुडिंग त्यांनी नाकारले, तेव्हा त्यात जातीचा अहंकार पाहिला गेला. त्रैक्याचा सिद्धान्त चर्चच्या विश्वासांगीकारात जसा मांडला आहे, तसा आपल्याला बायबलात सापडत नाही, हेही त्यांनी कळविले. यात थोडा हट्ट असेल. पण धर्मशास्त्रे मुळातून वाचलेल्या बाईने नव्या धर्मालाही मूळ ग्रंथ उघडून दाखवावयास सांगितले, यात नवल ते काय?

मात्र याच मापाने मोजू लागलो तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे काय करावयाचे? १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या या कवीने ख्रिस्तभक्तीत अभंग आणि कीर्तन आणले. बायबलात कीर्तनकार नाही. १९१७ साली मिशनपासून वेगळे होऊन त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा दिली. शुभवर्तमानात तर शिष्यांना बाप्तिस्मा देण्याची आज्ञाच आहे! आपल्याकडे तानसेन समारोहाचा आरंभ ढोलीबुवांच्या हरिकथेने आणि मिलादने होतो. त्या शेजाराला तरी कोणत्या ग्रंथाचा आधार?

ग्रंथाबाहेरचे सारेच असे गोड नसते. गोव्यातील चर्चांत ‘कोनफ्रारी’ नावाची भक्तमंडळे अनेक ठिकाणी जातवार होती; बामण आणि चारड्यांचा मान वेगळा, शूद्रांचा वेगळा. ख्रिस्तात ज्यू आणि ग्रीक, दास आणि स्वतंत्र असा भेद उरत नाही, असे पौलाने गलतीकरांना लिहिले. ते पत्र चर्चमध्ये वाचले जाई आणि मंडळेही चालत.

तेव्हा ग्रंथाधार नसणे हा मला दोष वाटत नाही. हरकत आहे ती आधार नसताना केलेल्या सक्तीला, आणि त्या नावाने कुणाला दाराबाहेर ठेवण्याला. रमाबाईंचा प्रश्न तेथेच खरा लागू पडतो. तरी तो पुरत नाही. १८८९ साली त्यांनी ‘शारदा सदन’ काढले ते ज्या बालविधवांसाठी, त्यांच्या केशवपनाला वचने काढून दाखविणारे शास्त्री होतेच. आधार सापडला म्हणून वस्तरा बोथट होत नव्हता.

आमच्या आजीची धाकटी जाऊ बालविधवा होती. चैत्रातल्या हळदीकुंकवाला बायका येऊ लागल्या की ती मागच्या खोलीत जाई आणि वाती वळीत बसे. कैरीची डाळ तिला तेथेच नेऊन देण्याचे काम माझ्याकडे असे. असे कोठे लिहिले आहे, ते मी कुणाला विचारले नाही. आणि कुणी पान उघडून दाखविले असते, तर मी काय केले असते?